निंदणाला पावलं नसतात

कामरगावला माझी आत्या राहते. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं हे मोठं गाव. शिवारात सोयाबीन, तूर आणि थोडीफार पऱ्हाटी. गेल्या पावसाळ्यात आतेभावानं पुण्याहून येताना तिच्यासाठी फिटनेस बँड आणला. डॉक्टरांनी शुगर काठावर असल्याचं सांगितलं होतं आणि रोज चालायला सांगितलं होतं. दिवसाला दहा हजार पावलं हवीत, हा आकडा मात्र आतेभावानं स्वतःच कुठूनतरी उचलला होता. पहिल्या दिवशी आत्या सकाळी आठला वावरात गेली. सोयाबीनचं निंदण चालू होतं. संध्याकाळी पाचला घरी आली, ओट्यावर बसली आणि मनगट पुढं केलं. पावलं तीन हजारांच्याही आत होती.

"या घडीले काही समजत नाही बाप्पा," ती म्हणाली. "दिवसभर वावरात राबली मी, अन् हे म्हणते तीन हजार!"

आत्याचं खरं होतं आणि घडीचंही खोटं नव्हतं. नवा बँड घेणाऱ्याची पहिली गफलत इथेच होते. आपण किती राबलो ते हे यंत्र मोजतं, अशी त्याची समजूत असते. बँड फक्त मनगटाचं हलणं मोजतो आणि मनगटाखालचं रक्त बघतो. बाकी सगळे आकडे या दोन गोष्टींवरून बांधलेले अंदाज आहेत. बसून काम करणाऱ्या शहरी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ते बांधलेत, त्यामुळे शेतात ते कुठं चुकतात हे आधी समजून घ्यावं लागतं.

बँडच्या पोटात अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर लटकलेला असतो. हात हलला की तो मागे राहतो, बाजूच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि त्या बदलाचा विजेच्या रूपात संकेत मिळतो. पुढं-मागं, डावं-उजवं, खाली-वर अशा तिन्ही दिशांनी हे सतत चालू असतं. चालताना हात झोके घेतो, सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात आणि संकेताला ठेका येतो. बँडमधला प्रोग्राम हाच ठेका शोधत असतो. एखाददुसरा हेलकावा तो सोडून देतो. सलग काही पावलं दिसली की मग मागची धरून मोजायला लागतो, नाहीतर भाकरी थापणं आणि टाळ्या वाजवणंही पावलांत जमा झालं असतं.

आता निंदणाकडे बघा. बाई उकिडवी बसते, पात धरते, विळ्यानं तण काढत वितीवितीनं पुढं सरकते. हात हलतो, पण ठेका नाही. पाय सरकतात, पण पाऊल पडत नाही. बँडच्या हिशेबी ती जवळपास बसूनच आहे. डोक्यावर हंडा घेतला आणि एका हातानं धरला, तर तो हात स्थिर. पावलं निम्मीच लागतील किंवा लागणारही नाहीत. सगळ्यात मोठा अन्याय डवऱ्यामागच्या माणसावर होतो. सोयाबीनच्या दोन ओळींत दीड फुटाचं अंतर धरलं आणि एकाच डवऱ्यानं एक एकर डवरलं, तर माणूस बैलांमागं जवळजवळ नऊ किलोमीटर चालतो. एकराचे सुमारे चार हजार चौरस मीटर, भागिले पंचेचाळीस सेंटीमीटर. हिशेब करून बघा. पण हात रुमण्यावर दाबलेला असतो, झोका नसतो, आणि बँडवर दिसतो एखाद्या कारकुनाचा दिवस. उलट बाजूही आहे. खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलवरून गेलात, तर न चाललेली पावलं जमा होऊ शकतात.

यावर सोपा तोडगा आहे. ज्या कामात हात अडकलेला असतो, त्या वेळी फोन पँटच्या खिशात ठेवायचा. फोनमध्येही तशीच चिप असते आणि मांडीची हालचाल हातापेक्षा प्रामाणिक असते. जुने पावलं मोजणारे डबे कमरेला लावत, ते उगीच नाही.

दहा हजारांचा आकडा अशाच एका डब्यावरून आला. टोकियो ऑलिंपिक १९६४ साली झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा होती, आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा. त्याच्यामागं तेव्हा मोठा वैद्यकीय अभ्यास नव्हता. अभ्यास पुढं झाले आणि त्यांनी आकडा खाली आणला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा वाढेनासा झाला. २०२५ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात सात हजारांच्या आसपासचा आकडा बऱ्याच आजारांच्या बाबतीत पुरेसा दिसला. तेव्हा आतेभावाला मी पहिली गोष्ट करायला लावली ती ही: अ‍ॅपमधलं दहा हजारांचं लक्ष्य काढून टाक.

पावलं मोजण्यात आपला देशही मागं नव्हता. कुमाऊँमधले नैनसिंह रावत १८६५ साली इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी यात्रेकरूच्या वेशात तिबेटकडे निघाले आणि पुढच्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. पाऊल एकाच मापाचं पडावं म्हणून त्यांचा आधी सराव करून घेतला होता, आणि बँड वापरताना नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो. साधा बँड अंतर मोजत नाही. उंचीवरून तुमच्या पावलाची लांबी ताडतो आणि पावलांना तिनं गुणतो. आत्याची उंची अ‍ॅपमध्ये टाकताना आतेभावानं अंदाजानं पाच फूट चार इंच टाकली होती. भिंतीला उभं करून मोजली तर चार फूट अकरा. अंतरात तेवढाच फुगवटा.

म्हणून नैनसिंहांसारखं स्वतःचं पाऊल एकदा तपासून घ्यावं. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत नेहमीच्या चालीनं चालायचं, तोंडानं मोजायचं, आणि शेवटी बँडचा आकडा बघायचा. मोठ्या माणसाची किलोमीटरला साधारण तेराशे ते पंधराशे पावलं होतात. बँड आणि तोंडी मोजणी यांत पन्नास-साठचा फरक असला तर यंत्र चांगलं आहे. तीनशेचा असला तर पट्टा सैल आहे, हात चुकीचा आहे, किंवा दुकानदारानं भलतंच गळ्यात मारलंय. गावातली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात, त्यांनी हे जास्त जपावं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. ज्या बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नाही आणि फोनही घरी आहे, तो धावण्याचं अंतर अंदाजानंच सांगणार, कारण धावताना ढांग लांबते. मैदान टेपनं मोजून घ्यावं आणि बँडकडून फक्त वेळ घ्यावी.

पट्टा घालण्याचीही रीत आहे. ज्या हातानं जेवता, लिहिता, विळा धरता त्याच्या उलट हातात घालावा आणि अ‍ॅपमध्ये तसं सांगावं. मनगटाच्या हाडाच्या वर एक बोटभर जागा सोडून, घट्टही नाही आणि सैलही नाही, असा बसला पाहिजे. आत्याच्या मनगटात बांगड्या होत्या, बँड त्यांच्या खाली सरकत होता, आणि नाडी कधी दिसायची, कधी नाही. बांगड्यांच्या वर बांधला तरी नाडी नीट लागेना. मग लक्षात आलं. त्या हातावर लहानपणी गोंदलेलं हिरवंगार गोंदण आहे.

या ठिकाणी थोडं थांबू, कारण बँडमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे. बँड काढून उलटा केला की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक नळ्यांत रक्त जास्त येतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये किंचित वाढतो. दिव्याशेजारचा संवेदक हा चढउतार टिपतो आणि मिनिटाला किती वेळा झाला ते मोजतो. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकात या पद्धतीवर काम केलं होतं. पुढं दिवा आणि संवेदक तांदळाएवढे झाले, एवढंच. वैद्यानं मनगटावर तीन बोटं ठेवावीत, तसं हे यंत्र उजेडाचं बोट ठेवतं. पण गोंदणाची शाई त्वचेच्या आतच असते आणि ती प्रकाश अडवते. आत्याच्या दुसऱ्या हाताला गोंदण नव्हतं. बँड तिकडं गेला आणि नाडी लागली. वऱ्हाडातल्या वयस्क बायांच्या बाबतीत ही अडचण बँडबरोबर येणाऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात छापायला हवी.

नाडीचा आकडा चालताना किंवा धावताना एका चमत्कारिक तऱ्हेनं फसतो. हाताच्या झोक्यानं पट्ट्याखाली उजेड आत-बाहेर होतो आणि बँड त्या ठेक्यालाच ठोके समजतो. मिनिटाला ११० पावलं चालताय आणि नाडीही बरोबर ११० दाखवतोय, असं झालं तर शंका घ्यावी. थांबायचं, अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर दोन बोटं ठेवायची, तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करायचे. पट्टा एक भोक घट्ट केला की बहुतेक वेळा दुरुस्ती होते.

निवांत बसल्यावरची नाडी हा मात्र बँडचा सगळ्यात भरवशाचा आकडा. मोठ्या माणसाची ती सहसा ६० ते १०० असते. तुमची किती, हे शेजाऱ्याशी ताडून काही कळत नाही. तुमचीच मागच्या महिन्याची आणि आजची ताडायची. ताप आला, झोप बिघडली, अंगातलं पाणी कमी झालं की ती चढते. २०२० साली अमेरिकेत ४७ हजारांवर लोकांच्या बँडमधल्या नाडीचा आणि झोपेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावरून तिथल्या राज्यांत फ्लू कधी वाढतोय याचा अंदाज सुधारता आला होता. मे महिन्यात आपल्याकडं सकाळी दहानंतर चाललात तर तीच चाल, तोच रस्ता, पण नाडी दहा-पंधरानं वर दिसेल. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडं धावतंय, म्हणून. त्या दिवशी आकडा गाठायचा हट्ट धरू नये. आणि बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुद्दाम खाली ठेवलेली असते. मग '२२० वजा वय' हे सूत्र वापरून बँड जे रंगीत पट्टे दाखवतो, त्यांचा उपयोग नाही.

पहिले दोन आठवडे काय करायचं? काहीच नाही. बँड घालायचा, जगायचं आणि रोज रात्री आकडा वहीत मांडायचा, शेजारी दिवसाचं काम लिहायचं: निंदण, बाजार, पाहुणे, नुसता पाऊस. आत्याची वही बघितली तेव्हा कळलं की वावरात जाण्याच्या दिवसापेक्षा बाजाराच्या दिवशी तिची पावलं दुप्पट होतात. वही पुढंही चालू राहिली, आणि खरी चिंता वेगळीच निघाली. दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलं की तिचे कित्येक दिवस हजार-बाराशे पावलांचेच होते. गावात आता वावरापर्यंत मोटारसायकल जाते, तणनाशकानं निंदण कमी केलं, मळणी यंत्रावर होते. शेतकऱ्याला व्यायामाची गरज काय, असं म्हणणाऱ्यांनी मोकळ्या हंगामातली ही पानं बघावीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातही मधुमेहाचं प्रमाण ८.९ टक्के निघालं.

वहीवरून सरासरी काढायची आणि तिच्यावर हजारभर पावलं चढवायची, बस्स. पावलं मोजण्याच्या यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा आढावा २००७ साली अमेरिकेत निघाला होता. यंत्र वापरणारे रोज दोन हजारांवर पावलं जास्त चालले, पण ज्यांनी स्वतःपुढं ठरावीक लक्ष्य ठेवलं होतं त्यांच्यातच हा फरक उठून दिसला. वजनाच्या बाबतीत मात्र बँडवर फार भिस्त ठेवू नये. २०१६ साली ४७१ जणांवर दोन वर्षं केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आहार आणि व्यायामाचा सल्ला होता. पुढं काहींना बँड दिला, काहींनी स्वतः नोंद ठेवली. बँडवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं आणि बिनबँडवाल्यांचं सहाच्या जवळ. का, याचं पक्कं उत्तर त्या प्रयोगात नाही. माझा आपला तर्क असा: मनगटावर हजार कॅलरी दिसल्या की माणूस दुसरी वाटी बासुंदी घेतो.

आणि त्या कॅलरीच खोट्या असतात. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये ६० जणांवर सात बँड तपासले. नाडी सहा बँडांनी ठीक मोजली, पण कॅलरीत सगळ्यात चांगला बँडही २७ टक्क्यांनी चुकला आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.

बँड रक्तातला ऑक्सिजनही दाखवतो. तो कामरगावला नवा नाही. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत २०२० साली घरोघरी बोटाला चिमटा लावून तो मोजला गेला. चिमट्यात उजेड बोटाच्या आरपार जातो, मनगटावर तो परतून येतो, म्हणून बँडचा आकडा जास्त डळमळीत. दम लागत असेल तर बँडवर ९७ बघून घरी बसू नये. बीपीचा आकडा दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळांवर दवाखान्यातल्या पट्ट्याइतका विश्वास टाकू नये. सुई न टोचता शुगर सांगतो म्हणणारं घड्याळ तर कुणी फुकट दिलं तरी नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा घड्याळांविरुद्ध फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. आत्याची शुगर काठावर आहे, म्हणून हे तिला मी दोनदा सांगितलं.

झोपेचा आकडाही अंदाजच, पण आतेभावाच्या चुलत्यांचा बँड एकदा गंमत दाखवून गेला. हरभऱ्याला ओलित चालू होतं, शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. मोटर चालू करायला उठ, दांड बदलायला उठ. सकाळी अ‍ॅपनं झोपेला ३८ गुण दिले आणि सल्ला दिला की झोपण्याआधी मोबाइल बघू नका.

दोन गोष्टी गावासाठी खास. फवारणीला जाताना बँड घरी खुंटीला टांगावा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे इकडं कुणी विसरलेलं नाही. पट्ट्याखाली घामाबरोबर औषध अडकून दिवसभर कातडीला लागत राहणं बरं नव्हे. एरवीही दिवसातून एकदा काढून पट्टा साध्या पाण्यानं धुवावा, मनगट कोरडं करावं, नाहीतर खाज सुटते. दुसरी गोष्ट परवानग्यांची. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथनं बँड शोधायलाही लोकेशनची परवानगी लागायची, ती ठीक. पण पावलं मोजणाऱ्या अ‍ॅपला तुमचे फोन नंबर आणि फोटो कशाला हवेत? पळणाऱ्यांच्या स्ट्राव्हा या अ‍ॅपनं २०१७ साली जगभरच्या लोकांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यात वाळवंटातले लष्करी तळ उजळून दिसले, कारण सैनिक तळाभोवती बँड घालून पळत होते.

राहिलं निंदण. त्याच्या श्रमाचा हिशेब कुणी केलेलाच नाही, असं मात्र नाही. अमेरिकेत १९९३ साली बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी शारीरिक कामांची एक जंत्री केली. स्वस्थ बसणं म्हणजे एक, आणि बाकी प्रत्येक काम त्याच्या कितीपट ऊर्जा घेतं, असा तिचा घाट. त्या जंत्रीच्या पुढच्या आवृत्त्यांत तण काढण्याच्या मध्यम कामाची पट ताशी पाचेक किलोमीटर चालण्याइतकी आहे. म्हणजे आत्यानं त्या दिवशी सहा तास निंदलं असेल, तर ते सहा तास चालण्याच्या तोडीचं होतं, आणि बँडनं तीन हजार पावलांवर तिची बोळवण केली होती.

अ‍ॅपमध्ये केलेलं काम हातानं नोंदवायची सोय असते. आतेभावानं यादी उघडली. गोल्फ होतं, स्केटिंग होतं, झुंबा होता. निंदण नव्हतं, डवरणं नव्हतं, वेचणी नव्हती. शेवटी त्यानं 'गार्डनिंग' निवडलं आणि सहा तास टाकले. पडद्यावर फटाके उडाले, एक सोनेरी चषक आला आणि खाली अक्षरं उमटली. ती त्यानं आत्याला वाचून दाखवली: आज तुम्ही बागेत छान वेळ घालवला!

आत्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा घडीकडं.

"बगिचा कुठचा?" ती म्हणाली. "दोन एकराचं वावर आहे थे."